सातासमुद्रापार परत जाणारं बिअरचं यंत्र

नमस्कार श्रोतेहो. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. ती विकायची नाही, एवढीच अट. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, तेव्हा आजचं हे बोलणं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि घरी बिअर करणाऱ्या श्रोत्यांसाठी आहे. त्यातही, ज्यांनी जर्मनी, चीन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या विक्रेत्याकडून सामान मागवलं आणि ते सदोष निघालं, त्यांच्यासाठी.

उदाहरणच घ्यायचं झालं तर बिअर करायचं तीस लिटरचं विजेवर चालणारं पातेलं घेऊ. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य भिजवणं, त्यातून निघालेला गोड रस म्हणजे वॉर्ट उकळणं, पंपाने फिरवणं, सगळं एकाच भांड्यात. खोक्यातून निघतं तेव्हा स्टीलचं झळझळीत असतं आणि पहिला मोह होतो तो थेट माल्ट टाकायचा. तो मोह आवरा. आलं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नुसत्या पाण्यावर चालवून बघा. परत करण्याच्या लढाईतला निम्मा भाग त्या तासाभरात ठरतो.

भांड्यात मोजून २० लिटर पाणी घाला. खालच्या तोटीभोवती, पंपाच्या सांध्यांखाली आणि बुडाशी कोरडा कागदी रुमाल ठेवा. तासभर तसंच राहू द्या. गळती असेल तर कागद सांगतो, डोळ्याला दिसण्याआधी. मग भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज मोजणारा छोटा मीटर लावा, १३ अँपियर पेलणारा, आणि यंत्राची पिन त्यात. पूर्ण ताकदीवर २५०० वॉटचं यंत्र साधारण तेवढंच खेचताना दिसलं पाहिजे. पुष्कळ यंत्रांत हीटर दोन असतात, एक ५०० वॉटचा आणि दुसरा २००० च्या आसपास. मीटरवर ५०० च दिसत असेल तर मोठा हीटर किंवा त्याचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारी विजेची कळ, गेलेला आहे. मल्टिमीटरने प्लगच्या पिनांवर रोध मोजून हे कळत नाही, कारण मध्ये कंट्रोलर असतो आणि रिले उघडा असतो. वीज मोजणाऱ्या मीटरचा आकडा मात्र बोलतो, आणि त्याचा फोटो विक्रेत्याला नाकारणं अवघड जातं.

वेळही मोजा. २० लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला २५०० वॉटला, उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं तर, ४५ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात ५०-५५ लागतील. दीड तास झाला तरी पाणी नुसतं वाफाळतंय, तर ते यंत्र आजारी आहे.

हीच चाचणी आणखी एका कारणाने मोलाची आहे. या यंत्रांच्या बुडाखाली उष्णतेने तुटणारी सुरक्षा कळ असते. माल्टचं पीठ तळाशी चिकटून करपलं, की तळाची उष्णता वर जात नाही आणि कळ तुटते. विक्रेत्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही माल्ट फार बारीक दळलात, चूक तुमची. पण नुसत्या पाण्यावरच ती कळ तुटली, तर पिठाचा प्रश्नच उरत नाही. म्हणून म्हणतो, माल्टला हात लावण्याआधी पाणी.

घराच्या मुख्य फळीवरची ३० मिलिअँपियरची गळतीरक्षक कळ, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ (आरसीडी), पडत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर प्रकार आहे. हीटरच्या नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. ती ओल धरते. प्रवासात किंवा गोदामात टोकाच्या सीलमधून दमट हवा आत गेली की वीज धातूकडे झिरपते. काही विक्रेते लिहितात, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा. त्या सॉकेटलाही गळतीरक्षक असेल तर जरूर लावा. पण रक्षक बाजूला काढून, अर्थिंगची तार सोडवून, कोणीही काहीही सांगितलं तरी चालवू नका. पाणी, वीज आणि ओले हात एका जागी येतात तिथे हे जिवावर बेततं.

आता प्लगचा विषय. जर्मनीहून आलेल्या यंत्राला दोन गोल पिनांचा शुको प्लग असतो. प्रवासात वापरतो तो हलका अॅडॅप्टर लावला जातो, आणि २५०० वॉट म्हणजे जवळपास ११ अँपियर तासन्‌तास त्यातून वाहतात. अॅडॅप्टर वितळतो, आणि विक्रेता म्हणतो, बिघाड अॅडॅप्टरमुळेच. शुको प्लग पूर्ण आत बसवून स्क्रूने बंद होणारा, १३ अँपियरचा फ्यूज असलेला रूपांतर प्लग मिळतो, तोच वापरा. ब्रिटिश ग्राहकाला विकलेल्या घरगुती उपकरणाला इथला प्लग किंवा असा रूपांतर प्लग असणं १९९४ च्या नियमांनी बंधनकारक आहे. अमेरिकेहून १२० व्होल्टचं यंत्र आलं असेल तर ते लावूच नका. २३० व्होल्टवर त्याचा हीटर साडेतीन पटींहून जास्त वीज खेचेल. ते सदोष नाही, ते चुकीचं आहे, आणि मागणी लिहिताना हा भेद पाळावा लागतो.

चुकीच्या पण निर्दोष वस्तूंची यादी या छंदात मोठी आहे. अमेरिकी पाच गॅलन म्हणजे १८.९ लिटर, ब्रिटिश पाच गॅलन म्हणजे २२.७ लिटर. कार्बन डायऑक्साइडच्या अमेरिकी रेग्युलेटरचे आटे ब्रिटिश सिलिंडरवर बसत नाहीत, जर्मन बसतात. १९ लिटरच्या केगचं, म्हणजे बिअर साठवायच्या पिंपाचं, झाकण कमी दाबाला फुसफुसत असेल तर आधी दोन बारपर्यंत दाब देऊन रबरी रिंग बसते का ते बघा. पुष्कळदा बसते. तापमापक दोन अंश चुकवतो असं वाटलं तर ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासा. बहुतेक कंट्रोलरमध्ये दुरुस्तीचा आकडा भरायची सोय असते. मॅश, म्हणजे पाण्यात भिजलेला माल्ट, ६६ अंशांवर ठेवायचा आणि प्रत्यक्षात तो ७० वर गेला तर गोडवा मागे राहतो, बिअर जड होते, म्हणून हे तपासणं आवश्यक आहे. पण त्यासाठी यंत्र परत पाठवणं नव्हे. घनता मोजणारा हायड्रोमीटर शुद्ध पाण्यात १.००० ऐवजी १.००२ दाखवत असेल तर दर वेळी ०.००२ वजा करा. तो जर्मनीला परत पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

रेग्युलेटरचा एक दोष मात्र सोडू नये. दाब ०.७ बारवर लावा, पुढची तोटी बंद करा आणि काही तास थांबा. काटा हळूहळू १.५, २ असा चढत गेला तर आतली बैठक धरत नाही. असा रेग्युलेटर प्लास्टिकच्या फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, जोडणं धोक्याचं आहे. तो वापरायचाच नाही.

दोष पक्का झाला, की पुसापुशीच्या आधी पुरावा. यंत्राच्या मागची पट्टी, तीवरचा अनुक्रमांक, मीटरचा आकडा आणि दोष, हे सगळं मध्ये न तोडता एकाच चित्रफितीत घ्या. मगच धुवा. उलट क्रमाने केलंत तर गळतीचा डाग गेलेला असतो.

आता पत्र. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. बहुतेक लोक लिहितात, मला हे परत करायचं आहे. विक्रेता लगेच ते मन बदलल्याचं प्रकरण समजतो. मन बदललं तर इथल्या नियमांप्रमाणे वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कळवता येतं, पण परतीचा खर्च बहुधा ग्राहकाच्या माथी येतो. सदोष वस्तूला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागतो. पहिले ३० दिवस पूर्ण पैसे मागता येतात, आणि परतीचा वाजवी खर्च विक्रेत्याने सोसायचा असतो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहा: वस्तू सदोष आहे, या तारखेला मिळाली, या तारखेला हा दोष आढळला, मी ती या कायद्याखाली नाकारत आहे. ३० दिवसांच्या या हक्कासाठी दोष मुळात होता हे आपण दाखवायचं असतं, म्हणून वरची चित्रफीत. नंतर, सहा महिन्यांच्या आत, दुरुस्ती किंवा बदली मागितली तर उलट असतं. दोष मुळातच होता असं मानलं जातं आणि नव्हता हे विक्रेत्याला सिद्ध करावं लागतं. नोव्हेंबरच्या सवलतीत घेऊन जानेवारीत खोकं उघडणाऱ्यांचे ३० दिवस गेलेले असतात, पण सहा महिने हातात असतात, हे विसरू नका.

विक्रेता सुटा भाग पाठवायला तयार असेल तर ते पुष्कळदा सगळ्यांत शहाणपणाचं असतं. पंपाचा फिरता पंखा, तोटीची सिलिकॉन रिंग, तापमानाचा सेन्सर हे भाग सहज बदलतात. हीटर आणि कंट्रोल बोर्ड मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडून. दुरुस्तीला होकार दिला की ३० दिवसांचं घड्याळ थांबतं, आणि यंत्र परत हाती आल्यावर उरलेले दिवस किंवा किमान सात दिवस मिळतात. एकदा दुरुस्ती करूनही ते चाललं नाही तर पैसे परत मागता येतात. बाजारपेठेच्या संकेतस्थळावरचे विक्रेते दुसरीच मात्रा पुढे करतात: यंत्र ठेवा, थोडे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या. पैसे खात्यात आल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका. एकदा बंद केलेली तक्रार बहुधा पुन्हा उघडत नाही.

परदेशातला विक्रेता उत्तरच देईनासा झाला तर कायदा कागदावर राहतो. तेव्हा जोर असतो तो पैसे कसे भरले यात. क्रेडिट कार्डाने भरले असतील आणि त्या एका वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त, ३०,००० पर्यंत असेल, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. खरेदी परदेशातली असली तरीही. किमतीचा काही भागच कार्डाने भरला असला तरी चालतं. मात्र मध्ये तिसरी संस्था पैसे घेणारी असेल तर ही साखळी तुटू शकते. डेबिट कार्डावर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे उलटे फिरवणं, मागता येतो, त्याची मुदत साधारण १२० दिवस. पेपालवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत तक्रार उघडावी लागते, आणि ती उघडल्यावर २० दिवसांत दाव्यात बदलावी लागते, नाहीतर ती आपोआप मिटते. विक्रेता गोड बोलून दिवस काढतो तो बहुतेकदा या वीस दिवसांसाठी. बँकेने आठ आठवड्यांत प्रश्न सोडवला नाही तर वित्तीय लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

परत पाठवायचंच ठरलं, तर आधी मोजपट्टी काढा. यंत्र ११-१२ किलोचं असतं, पण कुरियर खोक्याचा आकार मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५००० ने भागा. ४५ गुणिले ४५ गुणिले ७५ च्या खोक्याचं हे वजन ३० किलोवर जातं, आणि भाडं त्या तीस किलोंचं लागतं. नाकापेक्षा मोती जड होतो तो इथे. म्हणून कुरियर विक्रेत्यानेच ठरवावा, लेबल त्यानेच पाठवावं, असा आग्रह धरा. मूळ खोकं आणि आतले फोमचे ठोकळे महिनाभर तरी टाकू नका. त्यांच्याशिवाय काचेचं झाकण आणि तोटी शाबूत पोहोचत नाहीत.

धुणं मनापासून करा. कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून पंपातून अर्धा तास फिरवा, मग साधं पाणी, मग सायट्रिक अॅसिडचं सौम्य पाणी, पुन्हा साधं पाणी. पंप आणि नळ्या उलट्या करून रिकाम्या करा आणि दिवसभर उघडं वाळू द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये धान्याचा कणही सीमेवर अडवला जातो. एका फटीत अडकलेला माल्टचा दाणा पुरेसा होतो.

सीमाशुल्काच्या सीएन २३ या कागदावर ‘परत केलेला माल’ या चौकटीत खूण करा. किंमत शून्य किंवा पाच पौंड लिहू नका, विकत घेतलेली खरी किंमत लिहा. मूळ बिल आणि येतानाचा पार्सल क्रमांक सोबत जोडा. हे नसलं तर युरोपातला सीमाशुल्क विभाग विक्रेत्याकडे त्याच्याच मालावर पुन्हा कर मागतो, तो पार्सल घेत नाही, आणि खोकं गोदामात अडकून पडतं.

आपण भरलेल्या कराचंही बघा. १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर व्हॅट बहुधा विक्रेता किमतीतच घेतो, म्हणजे तो त्याच्याकडूनच परत यायला हवा. त्याहून महाग मालावर व्हॅट आणि लागू असेल तर आयात शुल्क सीमेवर भरावं लागतं, आणि माल परत गेल्यावर ते सरकारकडून मागता येतं. रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आणलं असेल तर बीओआर २८६ हा अर्ज, कुरियरने आणलं असेल तर सी २८५. अर्जाच्या सूचना खोकं बंद करण्याआधी वाचा. सदोष माल म्हणून परतावा हवा असेल तर दोष ओळखण्यापुरताच वापर झालेला असावा लागतो. पाण्याची चाचणी त्यात बसते, चार वेळा काढलेली बिअर बसत नाही.

बदली यंत्र येणार असेल तर विक्रेत्याला बिलावर ‘हमीखालील बदली’ असं आणि जुन्या बिलाचा क्रमांक लिहायला सांगा. नाहीतर त्याच यंत्रावर दुसऱ्यांदा व्हॅटची मागणी येते. आणि नवं खोकं उघडलंत, की पुन्हा २० लिटर पाणी, कोरडा कागद आणि मीटर. माल्ट त्यानंतर. नमस्कार.