बाफले, श्रीखंड आणि संसदेतले पक्ष

श्रोतेहो, नमस्कार. संसदेत पक्ष किती असावेत, दोन की वीस, यावर बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. त्यातली तीन आमच्या गणपतीला जाणार, हे आधीच सांगून टाकतो.

इंदूरला रामबागेच्या बाजूला आमचं जुनं मंडळ. घरं 63, आणि दर घराला एक मत. एका वर्षी महाप्रसादाला काय करायचं यावर मतदान झालं. दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वरणाबरोबर) 24, श्रीखंड-पुरी 21, पुरणपोळी 18. झाले बाफले! आता बघा, 39 घरांना आपलं मराठी गोडधोड हवं होतं आणि पंगतीत वाढले बाफले. बाफल्यांवर माझा राग नाही, तूप सढळ हातानं सोडलेलं असेल तर. राग आहे तो पोह्यांवर तिखट लसणाची शेव घालणाऱ्यांवर. इंदुरी पोहे वाफेवरचे, वर बारीक शेव आणि जिरावण, बस! असो.

पुढच्या वर्षी पुरणपोळीवाले शहाणे झाले. मत फुकट जातं म्हणून मुकाट्यानं श्रीखंडाला जाऊन मिळाले. राहिले दोनच पक्ष, गोड आणि बाफले.

मग आमचे एक काका, निवृत्त हेडमास्तर, म्हणाले, हा अन्याय आहे. नऊ जणांची समिती करा, दर 7 मतांमागे 1 जागा द्या. दिली. श्रीखंड 3, बाफले 3, पुरणपोळी 1. एक जागा कोशिंबीरवाल्या काकूंना. आणि एक आमरसवाल्यांना, भाद्रपदात! बहुमताला पाच हवेत. रात्री एकपर्यंत सभा चालली. (सभेत चहा ठेवूच नये, चहा संपेपर्यंत कोणी उठत नाही.) शेवटी काकूंच्या मतावर अडलं. काकू म्हणाल्या, पाठिंबा देते, पण दहाही दिवस आरतीचं तबक माझ्या हातात. दिलं. काय करता?

तर श्रोतेहो, माणसं तीच, आवडीनिवडी त्याच. फक्त मतं मोजायची रीत बदलली आणि पक्ष तिनाचे दोन झाले, दोनाचे पाच झाले. पुन्हा सांगतो, मोजायची रीत बदलली.

मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकानं 1951 मध्ये हेच मांडलं. ज्याला सर्वांत जास्त मतं तोच निवडून, अशी पद्धत असली की लढत दोघांत येऊन थांबते. आपल्याकडे तीच पद्धत, तरी लोकसभेत इतके पक्ष का? कारण लढत प्रत्येक राज्यात वेगळी. तमिळनाडूतले दोन निराळे, आपल्या मध्य प्रदेशातले दोन निराळे. आणि मतं देशभर विखुरलेली असतील तर? 2014 मध्ये बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांवर मतं होती, जागा शून्य. तेवढ्या मतांवर इस्रायलमध्ये चार-पाच जागा मिळतात, कारण तिथल्या 120 जागा मतांच्या प्रमाणात वाटतात, अट फक्त एवढीच की पक्षाला निदान सव्वातीन टक्के मतं पडली पाहिजेत. जर्मनीत ती अट पाच टक्क्यांची आहे. तुर्कस्तानात दहा होती, तर 2002 मध्ये दोनच पक्ष आत गेले आणि चाळीस टक्क्यांहून जास्त मतं वाया गेली. म्हणजे उंबरठा ठेवायचा तर तो केवढा, खरा वाद तिथे आहे. माझं मत विचाराल तर तीन-चार टक्के पुरे. कोणी म्हणेल, अशी मोजणी मतदाराला अवघड जाईल. पण राज्यसभेला आपले आमदार पसंतीक्रमानं, म्हणजे पहिली पसंती, दुसरी पसंती असं मत देतातच ना? मग मतदारालाच एवढं अवघड जाईल असं का धरून चालायचं? 2024 मध्ये याच इंदुरात दोन लाखांहून जास्त लोकांनी शोधून 'नोटा'चं बटण दाबलं. न समजणारे मतदार असे असतात का?

हां, मंडळाचं राहिलं. काकूंच्या तबकानंतर आम्हीही उंबरठा घातला, दहाच्या खाली मतं असतील त्याला जागा नाही. कोशिंबीर गेली, आमरस गेला. पुरणपोळीला पडली 9. दहावं मत माझं होतं, आणि मी त्या दिवशी महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला गेलो होतो. घरी अजून तो विषय निघतो. नमस्कार.