अंबा डोंगरचा पांढरा दगड

नमस्कार. माझं बोलणं सुरू होण्याआधी ही बशी पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. तिच्यात दोन पांढरे दगड आहेत. एक साधी चुनखडी, दुसरा अंबा डोंगरचा. दोघांवरही पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर सारखंच फसफसतं. आता दोऱ्याला बांधलेलं हे छोटं लोहचुंबक आधी चुनखडीजवळ धरा. काही होत नाही. मग दुसऱ्या दगडावरच्या काळ्या ठिपक्यांजवळ न्या. दोरा तिरका झाला ना? ते ठिपके मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला ओढणाऱ्या लोहखनिजाचे आहेत. भिंगातून पाहिलंत तर कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडी ज्याची बनते त्या खनिजाच्या, ठसठशीत स्फटिकांमध्ये अ‍ॅपेटाइटचे दाणेही दिसतील; ते फॉस्फरसचं खनिज. हा दगड समुद्राच्या तळाशी साचलेला नाही. तो शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, थिजून झालेला आहे. त्याचं नाव कार्बोनाटाइट.

अंबा डोंगर गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे, नर्मदेच्या उत्तरेला. विद्यार्थी असताना मी तिथे पहिल्यांदा गेलो, आणि चढताना पायाखाली एकामागून एक खडक बदलत गेले तेव्हा अक्षरशः थबकलो. बाहेर वालुकाश्म, पण तापलेल्या अल्कयुक्त, म्हणजे सोडियम-पोटॅशियमवाल्या, द्रवांनी पार बदलून टाकलेला, पोटॅशियम फेल्डस्पार या खनिजाने भरलेला. त्याच्या आत कार्बोनाटाइटचं कडं. आणखी आत फुटक्या तुकड्यांचा कोणाश्म, आणि मध्यभागी आपला ओळखीचा बेसाल्ट. सगळं कडं मिळून जेमतेम दीड किलोमीटर रुंद. त्याचं वय सुमारे 6.5 कोटी वर्षं, म्हणजे दख्खनचे लाव्हा ओतले जात होते तोच काळ. सह्याद्रीचा कातळ आणि हा डोंगर ही एकाच उलथापालथीची अपत्यं आहेत.

मग त्यांच्यात इतका फरक का? अल्कधर्मी खडक म्हणजे ज्यात सिलिकाच्या मानाने सोडियम आणि पोटॅशियम जास्त असतं असा खडक. सिलिका अपुरी पडली की फेल्डस्पारऐवजी नेफेलीन हे कमी सिलिकाचं खनिज तयार होतं. नेफेलीन आणि क्वार्ट्झ, म्हणजे निव्वळ सिलिकाचं खनिज, एका घरात कधी नांदत नाहीत. खडकात नेफेलीन दिसलं की क्वार्ट्झ शोधत बसू नका. कार्बोनाटाइट याच कुटुंबातला. जगात तो बहुतेक ठिकाणी नेफेलीनवाल्या खडकांच्या शेजारीच सापडतो.

असा शिलारस येतो कुठून? चक्का करायला दही फडक्यात बांधून टांगतो, तेव्हा खाली पाणी ठिबकतं. दह्यात मीठ घातलेलं असेल तर त्यातलं बरंचसं त्या पाण्याबरोबर निघून जातं. पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, खडक किंचितच वितळला, शंभरातला एखाददुसरा भाग, तर असंच होतं. नायोबियम, थोरियम आणि विरल मृदा मूलद्रव्यं (युरोपियमसारख्या धातूंचा एक गट) यांना ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या प्रावरणातल्या मुख्य खनिजांच्या स्फटिकांत जागा मिळत नाही, आणि ती त्या थोड्याशा रसात गोळा होतात. कार्बन डायऑक्साइड, फ्लोरिन आणि फॉस्फरसही त्याच वाटेने येतात. दख्खनचा बहुतांश बेसाल्ट मात्र खडक पुष्कळ वितळून झालेला, त्यामुळे तीच द्रव्यं त्यात विरून गेली. डोंगरच्या डोंगर बेसाल्टचे, पण धातूंची खाण त्यात शोधून सापडत नाही ती यामुळे.

चुनखडीसारखा पदार्थ वितळून वर येतो यावर अनेक भूवैज्ञानिकांचा दीर्घकाळ विश्वास नव्हता. 1960 मध्ये टांझानियातल्या ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीतून सोडियम कार्बोनेटचा काळा, पाण्यासारखा पातळ लाव्हा वाहताना प्रत्यक्ष पाहिला गेला. त्याचं तापमान 500 ते 600 अंशांच्या आसपास, बेसाल्टच्या लाव्हाच्या निम्मं. पुढे तीनच वर्षांत, 1963 साली, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले प्रा. आर. एन. सुखेशवाला आणि अणुखनिज विभागातले जी. आर. उदास यांनी अंबा डोंगरच्या कार्बोनाटाइटची नोंद प्रसिद्ध केली. ते कडं शतकानुशतकं उघड्यावर होतं. चुनखडी म्हणून पुढे न जाता त्यापाशी थांबणं, हे मला फार मोठं काम वाटतं.

आता हा दुसरा तुकडा हातात घ्या. त्याच आकाराच्या कॅल्साइटपेक्षा जड लागेल. हा फ्लोराइट, बाजारातला फ्लोरस्पार. कॅल्साइटवर तो ओरखडा काढतो, पण चाकूने त्याच्यावरही ओरखडा निघतो. तो कार्बोनाटाइट आणि वालुकाश्म यांच्या सांध्यावर, आणि कार्बोनाटाइटच्या भेगांमध्ये साठलेला आहे. शिलारस थिजत आला तेव्हा फ्लोरिन उरल्या गरम पाण्यात राहिलं. त्या पाण्याला कार्बोनाटाइटमधलं कॅल्शियम भेटलं आणि कॅल्शियम फ्लोराइड खाली बसलं. नकाशावर मी विद्यार्थ्यांना आधी तो सांधा रंगवायला सांगतो तो याचसाठी. तिथलं खनिज सुमारे 116 लाख टन असल्याचा अंदाज आहे, सरासरी 30 टक्के फ्लोराइटचं. ते शुद्ध करण्याचा कारखाना गुजरात खनिज विकास महामंडळाने जवळच्या कडीपाणीला उभारला. पोलाद वितळवताना आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल करताना फ्लोरस्पार लागतो.

आणि विरल मृदा? डोंगरात लोहयुक्त, तपकिरी पडणारा, उशिरा आलेला कार्बोनाटाइट आहे. त्यात बास्टनेसाइट हे विरल मृदांचं खनिज आहे. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासची खाण याच खनिजावर चालते. 1949 साली तिथे युरेनियम शोधणाऱ्यांच्या हाती ते लागलं, आणि पुढे रंगीत टीव्हीच्या लाल रंगाचं युरोपियम तिथून आलं. म्हणून आपल्याकडे बास्टनेसाइट सापडलं की लगेच खजिना मिळाल्याची भाषा सुरू होते. ती भाषा मला मान्य नाही. दाणे किती बारीक आहेत, कशात गुंतलेत, थोरियम किती सोबत येतंय, यावर खाण ठरते. टक्केवारी हा पहिला प्रश्न झाला, शेवटचा नव्हे.

या कुटुंबाचे इतर व्याप मोठे आहेत: ब्राझीलच्या अराशाचं नायोबियम, रशियाच्या खिबिनी डोंगरांतलं अ‍ॅपेटाइट, दक्षिण आफ्रिकेतल्या पालाबोराचं तांबं, चीनच्या बायान ओबोची विरल मृदा. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकला तर अल्कधर्मी ज्वालामुखीत टेल्युराइडमधलं, म्हणजे टेल्युरियम या मूलद्रव्याशी जोडलेलं, सोनं आहे. त्यांतल्या प्रत्येकावर एकेक संध्याकाळ जाईल.

कोणी विचारेल, महाराष्ट्रात काय? मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर जा. ओहोटीला बेसाल्टमध्ये घुसलेल्या लॅम्प्रोफायर नावाच्या खडकाच्या भिंती उघड्या पडतात. हाही अल्कधर्मी खडक. धातूंचा साठा तिथे नाही. पण त्या भिंतींत काही ठिकाणी खालून वर आलेले परक्या खडकाचे तुकडे अडकलेले दिसतात. त्यांतले काही थेट प्रावरणातले आहेत. जाताना भिंग घेऊन जा, आणि हातोडा घरी ठेवा.