पाखरे राखणाऱ्या मुलांचे गाव

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधले खेडे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शाळेतल्या इंग्रजी कवितांनी रंगवलेले चित्र उभे राहते. त्यात दगडी चर्च असते, गवताने शाकारलेली घरे असतात आणि हिरव्या कुरणातून वाहणारा ओढा असतो. मात्र ज्यांचे बालपण अशा खेड्यात, आणि तेही शेतमजुराच्या घरात गेले, त्यांनी पुढे मागे वळून जे सांगितले त्यात या देखाव्याला फारच थोडी जागा मिळालेली दिसते. ते बोलतात पावाविषयी, कामाविषयी आणि गावात कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे याविषयी. आज मी मुख्यतः अशाच एका माणसाच्या आठवणी आपल्यापुढे ठेवणार आहे.

जोसेफ आर्च याचा जन्म १८२६ साली वॉरिकशायरमधील बारफर्ड या गावी झाला. वडील शेतमजूर होते, परंतु राहते घर आजोबांनी विकत घेतलेले असल्यामुळे स्वतःच्या मालकीचे होते, आणि ज्या काळात मजुराचे छप्पर बहुधा जमीनदाराच्या किंवा शेतमालकाच्या मर्जीवर टिकून असे, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. जोसेफ दहा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा धान्याचे भाव चढे ठेवणाऱ्या कायद्याच्या बाजूने सही करायला वडिलांनी नकार दिला. त्यानंतर तब्बल १८ आठवडे त्यांना कोणी कामावर घेतले नाही. त्या हिवाळ्यात आईने लोकांचे कपडे धुऊन घर चालवले. गव्हाचा पाव दूरच राहिला, जवाचा पावही पोटभर मिळत नसे.

आई तशी खमकी होती. शाळेतल्या गरीब मुलींचे केस वाडगा उपडा ठेवून कापल्यासारखे गोल कापावेत, असे फर्मान पाद्रीबाईंनी काढले, तेव्हा आपल्या मुलींच्या केसांना तिने कात्री लावू दिली नाही. त्याची किंमतही मोजावी लागली, कारण पाद्र्याच्या घरून गरिबांना वाटले जाणारे सूप आणि कोळसा या घराच्या वाट्याला येत नसे.

या आठवणींत सर्वांत ठसठशीत प्रसंग आहे तो चर्चमधला. सात वर्षांच्या जोसेफला एका रविवारी वडिलांबरोबर प्रार्थनेनंतर थांबायचे होते. पवित्र प्रसाद घेण्याचा तो विधी लहान मुलांसाठी नव्हता, म्हणून त्याला बाहेर पाठवण्यात आले, आणि त्याने दाराच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला. प्रथम गावचा जमीनदार पुढे गेला. मग शेतमालक गेले, त्यांच्यामागून दुकानदार, चाके घडवणारा सुतार आणि लोहार, आणि सर्वांत शेवटी अंगात जाडेभरडे झगे घातलेले शेतमजूर. त्या रांगेच्या शेपटाला स्वतःचा बाप दिसल्यावर, मी कधी असा जाणार नाही, असे त्याने मनाशी ठरवले. ही हकीकत सत्तरी ओलांडलेल्या एका पुढाऱ्याने सांगितलेली असल्यामुळे ती थोडी घासूनपुसून आली असावी, असे मला वाटते. पण रांगेतला तो क्रम मात्र कोणाला कल्पनेने रचावा लागला नसता.

नवव्या वर्षी शाळा सुटली आणि तो शेतावर पाखरे राखायला लागला. रोज १२ तास हाकारे घालत शेतात एकट्याने फिरायचे आणि त्याबद्दल दिवसाला चार पेन्स घ्यायचे, असे ते काम होते. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवलेल्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना त्यातला कंटाळा वेगळा समजावून सांगायला नको. तिथे त्यात भर पडे ती गारठ्याची, आणि जरा डुलकी लागली तर शेतमालकाच्या काठीची. पुढची पायरी नांगरामागे घोडे हाकण्याची, आठवड्याला तीन शिलिंग मजुरीची.

अशा मुलांची सुट्टीसुद्धा पिकाच्या हिशेबाने ठरत असे. कापणी लांबली की खेड्यातल्या शाळेची सुट्टीही पुढे ढकलली जाई, कारण मुले त्याआधी वर्गात यायचीच नाहीत. शेत मोकळे झाले की बायका आणि मुले सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचायला उतरत. कित्येक गावांत त्यासाठी चर्चची घंटा वाजे, म्हणजे सकाळच्या घंटेआधी कोणी शेतात पाऊल टाकायचे नाही आणि संध्याकाळच्या घंटेनंतर कोणी थांबायचे नाही. सरवा वेचणे हा गरिबांचा कायदेशीर हक्क नाही, असा निकाल न्यायालयाने १७८८ सालीच दिला होता, तरी गावोगाव ही रीत पुढची शंभर वर्षे चालू राहिली. घरात हिवाळ्याचे पीठ त्यातूनच येत असल्यामुळे निकालाकडे लक्ष देण्याची चैन कोणाला परवडणारी नव्हती.

या कष्टांच्या जोडीने एक निराळी आठवणही सांगायला हवी. १७९३ साली हेल्पस्टन गावी जन्मलेला कवी जॉन क्लेअर हाही मजुराचाच मुलगा. मळणीच्या कामासाठी बापाने त्याला झेपेल असे हलके झोडपणे करून दिले होते. लहानपणी एकदा तो क्षितिजापाशी जग संपते अशा समजुतीने माळरान तुडवत निघाला. कडेवर पोचलो की खाली मोठ्या खड्ड्यात डोकावून पाहू, असा त्याचा बेत होता. चालता चालता ओळखीची रानफुलेही परकी वाटू लागली, आणि घरी परतला तेव्हा सारे गाव त्याला शोधत होते. पुढे १८०९ च्या कायद्याने त्या भागातल्या मोकळ्या रानाला कुंपणे पडली, आणि मजुराच्या पोराला असे भटकायला जागा उरली नाही.

आर्चने १८७२ साली वेल्सबर्न येथे चेस्टनटच्या झाडाखाली शेतमजुरांची सभा घेतली आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. १८८५ साली तो पार्लमेंटवर निवडून आला, आणि नॉरफोक परगण्यातल्या त्याच्या मतदारसंघात खुद्द युवराजांचा सँड्रिंगहॅमचा वाडा होता.

याच नॉरफोक परगण्यातील बर्स्टन गावात १ एप्रिल १९१४ रोजी शाळेतल्या ७२ पैकी ६६ मुलांनी संप केला. मजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शिक्षक दांपत्याला पाद्र्याच्या पुढाकाराने काढून टाकण्यात आले होते, आणि ‘आमचे शिक्षक परत द्या’ अशा पाट्या घेऊन मुले गावातून फिरली. पालकांना दंड झाले, चर्चची जमीन कसणाऱ्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या, तरी मुले जुन्या शाळेत परतली नाहीत. वर्गण्या जमवून १९१७ साली त्यांच्यासाठी वेगळी शाळा बांधण्यात आली, आणि ती १९३९ पर्यंत चालू होती.