पोर्ट सुदानच्या पुढे

(तापलेला तवा, अगदी जवळून. पळीभर पीठ पडतं.)

हे ज्वारीचं पीठ. रात्रभर आंबवलेलं, आंबोळीच्या पिठाहून पातळ. पळीभर ओतायचं आणि पानाच्या पट्टीनं सर्रकन पसरायचं. बघता बघता कडा सुटतात आणि कागदासारखा पापुद्रा हाताला येतो. सुदानमध्ये याला किस्रा म्हणतात. आपण ज्वारी थापतो, ते पसरतात. पश्चिमेला दारफूरमध्ये गेलं की ज्वारीच्या जोडीला बाजरी येते. तिथं पिठाची घट्ट उकड करतात, तिचं नाव असीदा. एका ताटाभोवती बसायचं, बोटांनी तोडायची, कालवणात बुडवायची.

ज्या देशात आज आपण चाललो आहोत, त्याची चूल आपल्याला अजिबात परकी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे आकडे येणार आहेत, आणि आकड्यांत चूल दिसत नाही.

(नकाशा. निळी नाईल, पांढरी नाईल.)

दोन नाईल नद्यांच्या बेचक्यात गेझिरा. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून इंग्रजांनी इथं सेन्नारचं धरण बांधलं, १९२५ मध्ये ते पुरं झालं. कालव्यांचं एवढं मोठं जाळं जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आणखी पूर्वेला गदारेफ. सपाट, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आणि नजर पोचेल तिथवर ज्वारी. परभणीच्या शेतकऱ्याला तिथं नेऊन सोडलं तर ढेकूळ हातात घेऊन तो सांगेल, पावसात ही माती पाय धरून ठेवते. एके काळी सुदानला अरब जगाचं धान्याचं कोठार म्हणायचे.

मग १५ एप्रिल २०२३ उजाडला. लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुरहान एका बाजूला, आणि ‘आरएसएफ’ या निमलष्करी फौजेचा म्होरक्या मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात, तो दुसऱ्या बाजूला. २०२१ मध्ये दोघांनी मिळूनच सत्ता बळकावली होती. आता वाट्यावरून जुंपली. लढाई राजधानी खार्तूममधून शेतांकडे सरकली. डिसेंबर २०२३ मध्ये गेझिराचं मुख्य शहर वाद मदनी आरएसएफच्या हाती पडलं आणि तिथलं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. पंधरा लाख माणसांना महिनाभर पुरेल एवढं अन्न त्यात होतं. २०२४ सरता सरता सुदानमधली २ कोटी ४६ लाख माणसं, म्हणजे जवळपास निम्मा देश, पोटभर अन्नाला महाग झाली होती.

ज्वारीच्या देशाला ज्वारी बाहेरून आणावी लागली.

(पांढरं विणलेलं पोतं. त्यावर निळी-लाल अक्षरं: ‘अमेरिकी जनतेकडून’.)

हे पोतं पन्नास किलोचं. आतली ज्वारी बहुधा कॅन्ससची. अमेरिकेत पिकणाऱ्या ज्वारीतली साधारण निम्मी तिथलीच असते. तिकडे ती माणसं फारशी खात नाहीत, गुराढोरांना घालतात. सरकार ती शेतकऱ्याकडून विकत घेतं, पोत्यात भरतं आणि जहाजावर चढवतं. त्यातलीही गंमत बघा. अशा मदतीचा किमान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच गेला पाहिजे, असा कायदा आहे. भाडं जास्त पडलं तरी चालेल. म्हणजे एका पोत्यावर तिथला शेतकरी, तिथला गोदामवाला आणि तिथला जहाजमालक असे तिघे आधी पोसले जातात, मग सुदानी माणूस. यात काही पाप नाही. पण सरकारी मदत म्हणजे निव्वळ दानधर्म असं ज्याला वाटतं, त्यानं हा हिशेब एकदा पाहावा.

मूळ कायदा १९५४ चा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना तो नंबरानं ठाऊक आहे: पीएल ४८०. त्यातूनच साठच्या दशकात अमेरिकी गहू आपल्या बंदरांत उतरत होता. आणि मराठवाड्यात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही ‘मिलो’ म्हणा. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी धड थापली जायची नाही, घशाखाली उतरायची नाही, आणि तरी तिच्यावर माणसं जगली. सरकारनं ती फुकट आणली की पैसे मोजून, याची रांगेतल्या माणसानं चौकशी केली नाही. ती गावापर्यंत पोचली, एवढंच त्याला कळलं. कारण दुष्काळ होता तरी रस्ते चालू होते, दुकान चालू होतं, तहसीलदार जागेवर होता.

सुदानमध्ये नेमकं तेच उरलेलं नाही.

(पोर्ट सुदानचं बंदर. क्रेन, ट्रकांची रांग.)

तांबड्या समुद्रावरचं पोर्ट सुदान लष्कराच्या ताब्यात आहे. धान्य इथं उतरतं. भूक आहे दारफूरमध्ये, अठराशे किलोमीटरच्या पुढे. मध्ये दोन सैन्यांची हद्द. निघताना एका बाजूचा परवाना, पोचताना दुसऱ्या बाजूचा. ट्रकात काय, ड्रायव्हर कोण, कुठल्या रस्त्यानं, कुठल्या तारखेला. जून २०२५ मध्ये असाच पंधरा ट्रकांचा तांडा इथून निघाला. अठराशे किलोमीटर कापून अल-कोमा गावाजवळ आला. दोन्ही बाजूंना रस्ता आधी कळवलेला होता. पुढच्या परवानगीची वाट पाहत थांबलेला असताना त्याच्यावर हल्ला झाला. पाच जण मेले, ट्रक जळाले. आरएसएफच्या वेढ्यातलं एल फाशेर, उत्तर दारफूरचं मुख्य शहर, तिथून काही तासांवर होतं.

दुसरी वाट चाडमधून, आद्रे नावाच्या सरहद्दीवरच्या गावातून. जवळची आणि सोयीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्करी सरकारनं ती बंद केली. कारण दिलं, तिथून शत्रूला शस्त्रं येतात. ऑगस्टमध्ये उघडली, तेव्हा पावसाळा भरात होता. पुलाविना वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठाला ट्रक दिवसचे दिवस उभे राहिले. रस्ता कोरडा होता तेव्हा शिक्का मिळाला नाही. शिक्का मिळाला तेव्हा रस्ता वाहून गेला होता.

त्याच महिन्यात, १ ऑगस्ट २०२४ ला, एल फाशेरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला.

(लहान मुलाचा दंड. त्याभोवती रंगीत पट्टी.)

दुष्काळ हा शब्द आपण सैल वापरतो. जगाच्या सरकारांसाठी त्याची मोजपट्टी ठरलेली आहे. दर पाचांतल्या एका घरात अन्नाचा जवळजवळ अभाव. दहांतली तीन मुलं तीव्र कुपोषित. आणि दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. पहिल्या दोन गोष्टी घडल्या आणि तिसरी सिद्ध करायला कुणी जाऊ शकलं नाही, तर जाहीर होणं लांबतं.

ही पट्टी त्या मोजमापाचा सगळ्यात छोटा भाग. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची. खिडकीत लाल रंग दिसला, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी. आपल्या अंगणवाडीतल्या ताईंकडेही अशीच पट्टी असते. लाल आलं की मुलाला शेंगदाणा, दूधपावडर, साखर, तेल यांच्या लगद्याचं पाकीट द्यायचं. ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, कोपरा फाडायचा आणि चोखायचा. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक मुलं बरी होतात. इतका सोपा इलाज वैद्यकात क्वचितच सापडतो. पाकीट तिथं असलं पाहिजे, एवढीच अट.

(मोठं पातेलं, खाली लाकडं.)

जिथं ट्रक पोचत नाही, तिथं हे पोचतं. याला तिथं ‘तकिया’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? गावाबाहेरचा फकिराचा तकिया, तोच. सूफींच्या मठात येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण मिळायचं, तिथून हे नाव आलं. युद्ध सुरू झालं तसं गल्लोगल्लीच्या तरुण पोरापोरींनी चुली मांडल्या. २०१९ च्या क्रांतीत मोर्चे काढणारी हीच पोरं होती. त्यांनी आपल्या गटांना नाव दिलं ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’. नाव सरकारी, काम मात्र त्यांच्या जुन्या ‘नफीर’चं. नफीर म्हणजे आपलं इर्जिक. एकाच्या शेतावर साऱ्यांनी जायचं.

पैसा यायचा मोबाइलवर. ‘बंकक’ नावाचं खार्तूमच्या एका बँकेचं अॅप आहे, अर्थ ‘तुझी बँक’. जेद्दा, कैरो, लंडनमधले नातेवाईक त्यावर पाठवायचे. आणि मोठ्या संस्थांच्या हातून अमेरिकी सरकारचा पैसाही याच वाटेनं चुलीपर्यंत यायचा. गाजावाजा नाही, गोदाम नाही, गाड्यांचा ताफा नाही. माझ्या मते सरकारी मदतीनं सुदानमध्ये केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच होतं.

तेच सगळ्यात आधी मोडलं.

२० जानेवारी २०२५. वॉशिंग्टनमध्ये नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली. आठवड्याभरात जीव वाचवणाऱ्या कामांना सूट जाहीर झाली. पण बिलं मंजूर करणारी माणसंच घरी पाठवली होती, पैसे सोडणारी यंत्रणा बंद होती. सूट कागदावर राहिली. सुदानभर अकराशेहून जास्त चुली विझल्या. १० फेब्रुवारीला यूएसएडच्या, म्हणजे परदेशी मदत वाटणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, महानिरीक्षकांनी अहवाल दिला: ४८ कोटी ९० लाख डॉलरचं अन्न बंदरांत, गोदामांत, समुद्रात अडकून खराब होण्याच्या वाटेवर आहे. दुसऱ्या दिवशी महानिरीक्षकांना बडतर्फ केलं. कॅन्ससच्या खासदारांनी आरडाओरडा केला, तो आपल्या ज्वारीच्या गिऱ्हाइकासाठी, आणि तोही खराच होता. १ जुलैला यूएसएडच बंद झाली. १९६१ मध्ये केनेडींनी सुरू केलेली.

बाकीच्यांचं काय? ब्रिटननं फेब्रुवारीत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलं, कारण संरक्षणाला पैसा हवा. दोन महिन्यांनी लंडनमध्येच सुदानसाठी परिषद भरली. त्याआधी फेब्रुवारीतच अदिस अबाबाच्या परिषदेत संयुक्त अरब अमिरातीनं वीस कोटी डॉलर जाहीर केले होते. त्याच अमिरातीकडून आरएसएफला शस्त्रं जातात, हा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या अहवालात विश्वासार्ह म्हटला आहे. अमिराती तो नाकारते. आणि आपण? युद्धाआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, आयएनएस ऐरावत पोर्ट सुदानला शंभर टन अन्न घेऊन गेली होती. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धरा. अडीच लाख माणसांचं एक दिवसाचं जेवण.

अडीच लाख ही संख्या मी उगीच घेतलेली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात वेढ्यातल्या एल फाशेरमध्ये साधारण तितकीच माणसं उरली होती.

(मूठभर तपकिरी तुकडे, जवळून.)

हे अंबाज. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर घाण्यात उरणारी पेंड. आपल्याकडे म्हशीच्या आंबोणात घालतात. एल फाशेरमध्ये ती माणसं खात होती. आधी भिजवून, शिजवून, आणि पुढे पुढे मिळेल तशी. आरएसएफनं शहराभोवती मातीचा बांध घातला होता. शेवटी पेंडही मिळेनाशी झाली. पाचशेहून जास्त दिवसांच्या वेढ्यानंतर २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. जे निसटले ते साठेक किलोमीटरवरच्या तविलाकडे चालत गेले. पुढच्याच आठवड्यात एल फाशेरमध्ये अधिकृत दुष्काळ जाहीर झाला.

त्याच वर्षी या चुली चालवणाऱ्या पोरांना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार मिळाला, स्वीडनचा राइट लाइव्हलीहूडही मिळाला. दोन्ही फौजांनी त्यांच्यातल्या अनेकांना तुरुंगात टाकलं आहे, काहींना मारलं आहे.

(सकाळ. तकियाचं अंगण.)

बंककवर मेसेज येतो. रोकड हवी तर आधी दलालाचं कमिशन कापायचं. उरलेल्यात ज्वारीचं पोतं, मसूर, कांदा, मीठ, तेल. लाकूडही विकतच. दोन वेळचं जेवण केव्हाच एक वेळचं झालं, आणि कुठे कुठे ते दिवसाआड. पातेलं ठेवलं की आधी पाणी जास्त घालायचं, मग माणसं मोजायची.

अंगणात भिंतीच्या कडेनं डबे, कढया, बिनझाकणाची पातेली एकामागोमाग लावलेली आहेत. माणसं सावलीला बसलीत. रांगेत भांडी उभी आहेत.