फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती

(पडद्यावर: निळ्या खिडकीत सभासदांची यादी, वरपासून खालपर्यंत सरकणारी)

व्हिज्युअल फॉक्सप्रो हे डेटाबेसचं, म्हणजे नोंदी साठवून त्यातून हव्या त्या शोधायचं सॉफ्टवेअर. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, त्याची दहावी आवृत्ती निघणार नाही. नववी हीच शेवटची. २०१५ च्या जानेवारीत तिचा आधारही संपला. आज ती बेवारस आहे. आणि रोज वापरात आहे.

हे सॉफ्टवेअर मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हेच. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पेरीजबर्ग नावाचं गाव आहे, तिथल्या डेव्ह फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीचं ते अपत्य. तेव्हा दबदबा होता अ‍ॅश्टन-टेट कंपनीच्या डीबेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा. फुल्टन यांनी डीबेसच्याच कमांड समजणारं, पण त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान सॉफ्टवेअर बाजारात आणलं. अ‍ॅश्टन-टेटने १९८८ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं, आणि खटला फिर्यादीवरच उलटला. डीबेसचं मूळ नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या एका जुन्या प्रोग्राममध्ये होतं, आणि कॉपीराइट नोंदवताना कंपनीने ते लपवलं होतं. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशांनी कॉपीराइटच मोडीत काढला. काही महिन्यांनी त्यांनी तो निकाल मागे घेतला खरा, पण तोवर कंपनीच डबघाईला आली होती. १९९१ मध्ये ती बोरलँडने विकत घेतली आणि खटला बारगळला.

त्याच वर्षी फॉक्सप्रो २.० आलं, ‘रशमोर’ हे तंत्र घेऊन. समजा, लाखभर खातेदारांमधून साताऱ्याचे आणि थकबाकी असलेले तेवढे हवे आहेत. साधा प्रोग्राम लाखभर नोंदी एकामागून एक डिस्कवरून वाचणार. रशमोर आधी फक्त इंडेक्स, म्हणजे शोधासाठी करून ठेवलेली सूची, बघतं. प्रत्येक अटीसाठी, प्रत्येक नोंदीमागे एक बिट: बसते की नाही बसत. दोन्ही अटींचे बिट एकमेकांवर ताडायचे आणि उरतील तेवढ्याच नोंदी उचलायच्या. त्या काळच्या मंद डिस्कवर हा फरक डोळ्यांनी दिसायचा.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली, सुमारे १७ कोटी ३० लाख डॉलरना. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं स्वतःचं डेटाबेस सॉफ्टवेअर, अ‍ॅक्सेस, आलं. मोठ्या कंपन्यांसाठी एसक्यूएल सर्व्हर होतंच. तिघांत फॉक्सप्रो हे मधलं भावंड ठरलं. २००१ मध्ये सातवी आवृत्ती आली ती व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग साधनांच्या नव्या संचाबाहेर, एकटी. मला विचाराल तर निकाल तेव्हाच लागला होता. २००७ मध्ये तो फक्त वाचून दाखवला.

(पडद्यावर: डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सरकणारा कागद, त्याचा आवाज)

महाराष्ट्रात एके काळी संगणक क्लासच्या पाटीवर डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस किंवा फॉक्सप्रो ठरलेले असत. शिकून बाहेर पडलेल्या पोरांनी पतसंस्थेचं खातं, आडत्याची पट्टी, कारखान्याचं ऊसबिल, शाळेचं पगारपत्रक असं काय काय लिहून दिलं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची, म्हणून नावं मराठीतही साठवली गेली.

तीच मराठी आज जड जाते. फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी जगभरच्या लिप्यांची संकेतपद्धती, कळत नाही. इस्की या जुन्या भारतीय संकेतात देवनागरीचं एक चिन्ह एका बाइटमध्ये मावतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ प्रकारात त्याला तीन बाइट लागतात. नावासाठी तीस बाइटची जागा राखलेली असेल, तर नुसतं रूपांतर करून भागत नाही. सगळी रचना रुंदावावी लागते, मग रिपोर्ट, मग छापील फॉर्म. काहींनी तर इस्कीही न वापरता एखाद्या फॉन्टचे खासगी कोड भरून ठेवलेत. ते उलगडणं म्हणजे डोकेदुखी.

बाकीच्या मर्यादा ठाऊक असलेल्या: एका फाइलला दोन जीबीची कमाल, प्रोग्राम जुन्या ३२-बिट पद्धतीचा. डॉसवरचं फॉक्सप्रो तर ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाही. लोक ते जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवतात.

डेटा मात्र अडकलेला नाही, हे महत्त्वाचं. फॉक्सप्रो ज्यात नोंदी ठेवतं ती डीबीएफ फाइल अगदी सरळ असते: वर रकान्यांची नावं, खाली ठरावीक रुंदीच्या नोंदी. लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आजही उघडते. नकाशे करणाऱ्यांच्या शेपफाइलमध्ये प्रत्येक नकाशाची माहिती याच डीबीएफमध्ये असते. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेस २०१३ मधून डीबीएफची सोय काढून टाकली होती. लोकांनी ओरड केली आणि २०१६ मध्ये ती परत द्यावी लागली.

अडकलंय ते डेटाभोवतीचं शहाणपण. व्याज कुठल्या तारखेपासून धरायचं, कुणाची कपात आधी, हे सगळं पीआरजी फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरात, लिहिलेलं. संस्थेकडे कित्येकदा नुसती ईएक्सई, म्हणजे चालवायची तयार फाइल, असते. पीआरजी लिहिणाऱ्याकडेच राहिलेली, आणि तो आता साठीला आलेला.

(पडद्यावर: व्हीएफपीएक्स प्रकल्पाचं पान)

प्रयत्न थांबलेले नाहीत. स्पॅनिश भाषक प्रोग्रामरांनी २००७ मध्ये फॉक्सप्रो वाचवण्यासाठी सह्यांची मोहीम काढली. मायक्रोसॉफ्टने काही पूरक घटक खुले केले, मूळ इंजिन नाही. व्हीएफपीएक्स नावाने जगभरचे लोक अवजारं बनवत राहिले. एक्स-शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा फॉक्सप्रोची बोली समजून घेते. चीनमधून एक अनधिकृत ६४-बिट आवृत्तीही निघाली. कायद्याच्या कसोटीवर ती टिकेल का, यावर पैज लावू नये.

नववी आवृत्ती विंडोज ११ वर चालते, कारण त्यात ३२-बिट प्रोग्राम चालवणारा थर अजून आहे. तो थर कधी काढायचा, हे पुन्हा मायक्रोसॉफ्टच ठरवणार. पीआरजी कुणाकडे आहे, ते मात्र संस्थेला आजच एका फोनवर कळू शकतं.