दहा रुपयाची गंजी

(पडद्यावर: ऑक्टोबर संपत आलेला, लातूर जिल्ह्यातलं शिवार, कापून रचलेल्या सोयाबीनवर निळी ताडपत्री)

ह्याला आमच्याकडं गंजी म्हणतात, कुणी बनीम म्हणतं, कुठं सुडी म्हणतात. नाव काही का असेना, ताडपत्रीखाली असतं ते एकच, अख्ख्या खरिपाचं पीक. कापणी झालेली असते, मळणी मशीनवाल्याचा नंबर लागायचा असतो, वर ढग आले की जीव खालीवर होतो, आणि तेवढे चार-आठ दिवस हे सगळं रानात उघड्यावर पडून असतं, ना भिंत ना कुलूप. भावकीत बांधावरून वाद असला, गावात निवडणुकीची खुन्नस असली की ह्याच दिवसात माणसाला रात्री झोप लागत नाही.

माझ्या मामाची गंजी २०१६ साली पेटवली. ते साल आमच्याकडं कुणी विसरणार नाही, एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मग पाऊस झाला, दुष्काळ काढल्यावर पहिल्यांदा शेंगा भरल्या, आणि दिवाळी तोंडावर असताना रात्री दीडच्या सुमाराला फोन आला. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. लोकांना वाटतं गंजी भडकते, जळते आणि संपते. तसं नाहीये. वरून नुसती राख दिसते पण आत धुमसत राहतं, सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं ना, तिसऱ्या दिवशी फावडं घातलं तरी आतून लाल निघत होतं आणि भाजलेल्या फुटाण्यासारखा वास यायचा. भूक लागावी असा वास, आणि मामी नाकाला पदर लावून बांधावर उभी.

तलाठी आले, कोतवाल आला, पोलीस आले, पंच म्हणून शेजारचे दोघं. नुकसान किती लिहायचं? मामा म्हणले, "जळालेलं कसं मोजावं सायेब." शेवटी कागदावर आलं अंदाजे दहा क्विंटल. तीन एकराचं पीक होतं ते, आणि त्या साली पीक चांगलं होतं, पण कुणी भांडलं नाही, कारण भांडायला अंगात जोरच नव्हता. गुन्हा दाखल झाला, अज्ञात इसम, भारतीय दंड संहिता, कलम ४३५.

ते कलम मी तिथंच मोबाईलवर वाचलं. मुद्दाम कुणाच्या मालाचं नुकसान करणं, कायद्याच्या मराठीत ह्याला "आगळीक" म्हणतात, ती आग लावून केली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हे कलम लागायला नुकसान किमान शंभर रुपयाचं पाहिजे, आणि माल शेतातला असेल तर दहा रुपयाचं.

दहा रुपये.

(पडद्यावर: किराणा दुकानातला तराजू, एका पारड्यात सोयाबीन)

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये आणि थोडे पैसे. दहा रुपयाचं सोयाबीन मोजून बघितलं तर दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. ही घ्या, एवढीच, दोन मुठी.

आता हे खुळ्यासारखं वाटतं पण ज्यांनी लिहिलं त्यांच्या काळात ते खुळं नव्हतं. कायदा १८६० चा, तेव्हा दहा रुपये म्हणजे रानात राबणाऱ्या मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. म्हणजे अट लिहिताना विचार होता की शेतकऱ्याचं खरंच कंबरडं मोडेल असं नुकसान असेल तर मोठी शिक्षा. आणि शेतमालाची अट इतर मालाच्या एक दशांश ठेवली, कारण पिकाला आग लावणं किती सोपं आणि किती वाईट हे तेव्हाही कळत होतं. आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य, आपल्याकडं हा कायदा १९५१ मधे लागू झाला, तो त्याच दहा रुपयासकट. आणे गेले, पैसे गेले, दहाच्या नोटेच्या जोडीला नाणं आलं, कायद्यातला आकडा मात्र तिथंच.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात कलम ३२६ एफ बघा. आग लावून कुठल्याही मालमत्तेचं, शेतमाल धरून, नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शंभरची अटही गेली आणि दहाचीही. माझ्या मते हे एकदम बरोबर झालं. काडी ओढणाऱ्याच्या हातात कुठं असतं की किती जळणार, वारा फिरला तर एक गंजी जळते नाहीतर अख्खं शिवार आणि कडेचा गोठापण.

पण त्याच संहितेत बिगर आगीच्या नुकसानीला नवे आकडे घातलेत, कलम ३२४ मधे. जुन्या कायद्यात पन्नास रुपयाचं नुकसान झालं की दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. आता दोन वर्षं लागायला नुकसान किमान वीस हजाराचं लागतं, एक लाख किंवा वर गेलं तर पाच वर्षं, आणि वीस हजाराच्या खाली असेल तर साधारण सहा महिन्यापर्यंत. पन्नास रुपये बदलायला पाहिजेच होते, त्यात वाद नाही. पण हिशेब करून बघा. कोरडवाहू एक एकरवाला माणूस, पावसानं दगा दिलेलं साल, हाती येणार तीन क्विंटल. हमीभावानं होतात १५,९८४ रुपये, आणि अडतीवर हमीभाव तरी कुठं मिळतो. त्याच्या उभ्या पिकावर रात्रीतून कुणी तणनाशक मारलं तर त्याचं वर्ष संपलं, पोरीची फी संपली, उसनवारी फेडायची राहिली, आणि कायद्याच्या तराजूवर हे सगळ्यात हलकं नुकसान. ज्याच्याकडं जास्त होतं त्याचंच जास्त गेलं असं धरायचं असेल तर गरिबाची बाजू कायम वीस हजाराच्या खालीच राहणार. आणि हा आकडा दर काही वर्षांनी महागाईप्रमाणं बदलायचा असं कलमात कुठं लिहिलेलं नाही. म्हणजे वीस हजारसुद्धा कधीतरी दहा रुपये होणार, आज नाही तर आपल्या नातवांच्या वेळी.

अजून एक गोष्ट मला खटकते. एसटी पेटवली तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेचा कायदा लागतो, त्यात आगीला कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. गंजी पेटवली तर जास्तीत जास्त सात, कमीत कमी काहीच नाही, आणि गुन्हा जामीनपात्र. एसटी आपल्या सगळ्यांची आहे, ती जाळणाऱ्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, पण गंजीसुद्धा कुणाचंतरी सगळं असतं, तिला किमान शिक्षा का नसावी?

घराला आग लावली तर मात्र आधीपासून कडक आहे. जुनं ४३६, आता ३२६ जी, माणूस राहतो ती जागा, देवाची जागा, माल ठेवायची जागा पेटवली तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. तिथं रकमेची अट कधीच नव्हती. मराठवाड्यानं हे जवळून बघितलंय. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, ज्यांची घरं जळाली त्यातली किती तरी कुडाची होती, किंमत लावायला गेलं तर काहीच नाही भरणार. पुढं १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा माल जाळला तर किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षं, घर जाळलं तर जन्मठेप, अशी तरतूद आली आणि तिथंही रुपयाचा आकडा ठेवला नाही. म्हणजे आगीला पैशात मोजायचं नसतं हे एका कायद्यानं १९८९ लाच मान्य केलं होतं, बाकीच्यांच्या गंजीला २०२४ उजाडलं.

(पडद्यावर: काळी पडलेली जमीन, गोल डाग, आजूबाजूला हरभरा उगवलेला)

शिक्षा कितीही लिहा, आरोपी सापडला तर. रात्रीची वेळ, साक्षीदार नाही, आणि पहिलं काम आपणच करतो ते म्हणजे पाणी मारणं, फावड्यानं उकरणं, ट्रॅक्टर फिरवणं. साहजिकच आहे, वाचेल तेवढं वाचवायचं असतं. पण पेट्रोल-डिझेल टाकलं असेल तर ते खालच्या मातीत मुरतं, त्यामुळं आग आटोक्यात आल्यावर निदान एक कोपरा तसाच राहू द्या, तिथली माती पोलिसांना हवाबंद डब्यात घ्यायला लावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास कसा करायचा त्या कायद्यात, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर येऊन पुरावे घ्यायचे, त्याचं शूटिंग करायचं असं म्हटलंय, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलीय. गंजीचा गुन्हा सात वर्षांचाच, म्हणजे ह्यात बसतो. तालुक्याच्या ठाण्याला हे विचारा, हक्कानं विचारा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि पीक विम्याच्या भरवशावर राहू नका. मुद्दाम केलेलं नुकसान त्या योजनेत धरत नाहीत, मामाला हे आग लागल्यावर कळलं.

मामाच्या केसचं काय झालं तर ए समरी. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही, फाइल बंद. संशय होता, अजून आहे, पण संशयावर नाव घेणं बरं नाही म्हणून मामा आजही कुणाचं नाव घेत नाही.

ह्या वर्षी त्यानं गंजी बांधापासून आत, विहिरीजवळ लावलीय. टेप धरून लांबी, रुंदी, उंची मोजून वहीत लिहिलीय, तलाठ्याला फोटो पाठवलाय, आणि रोज दिवस मावळला की मोबाईलवर चारी बाजूनी शूटिंग करून ठेवतो. मशीनवाला गुरुवारी येतो म्हणालाय. तोवर बाज गंजीशेजारीच टाकलीय, उशाला बॅटरी.