फासळ्यांमधलं टोक

(दृश्य: कोरडा ओढा. दोन्ही बाजूंना मातीची उभी दरड. फक्त वाऱ्याचा आवाज.)

२७ ऑगस्ट १९०८. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या ईशान्य कोपऱ्यात रात्री धो धो पाऊस झाला आणि फॉल्सम नावाच्या लहानशा गावात नदी शिरली. टेलिफोन ऑपरेटर सॅरा रूक स्विचबोर्डवरून उठल्या नाहीत. पाणी येतंय, बाहेर पडा, म्हणून एकेका घराला फोन लावत राहिल्या. त्या पुरात त्याही गेल्या.

पाणी ओसरल्यावर जवळच्या क्रोफूट रँचचे मुकादम कुंपणं कुठे कुठे तुटली ते बघायला घोड्यावरून निघाले. जॉर्ज मॅकजंकिन त्यांचं नाव. १८५१ साली टेक्सासमध्ये गुलामीत जन्मलेले. लिहायला-वाचायला पुढे शिकले. सोबत दुर्बीण बाळगायचे, आणि वाटेत दिसलेला वेगळा दगड, वेगळं हाड उचलून घरी आणून ठेवायचे. एका ओढ्याचा काठ पुरानं खोल कापून काढला होता आणि पार तळाशी हाडं उघडी पडली होती. होती बायसनची, म्हणजे तिथल्या केसाळ रानगुरांची, पण त्यांच्या ओळखीच्या बायसनपेक्षा दांडगी. शिवाय मेलेलं जनावर दोन पुरुष खोल मातीखाली आपोआप जात नाही, हे गुराख्याला कोणी सांगावं लागत नाही.

मॅकजंकिन पुढची कित्येक वर्षं लोकांना सांगत राहिले, एकदा येऊन बघा. त्यांच्या हयातीत कोणी मनावर घेतलं नाही. १९२२ च्या जानेवारीत ते वारले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी शेजारच्या रॅटन गावचे लोहार कार्ल श्वाकहाइम चार मित्रांना घेऊन त्या ओढ्यावर पोचले. नशीब म्हणतात ते हे.

डेन्व्हरच्या संग्रहालयानं १९२६ मध्ये खोदकाम सुरू केलं ते दालनात उभा करायला बायसनचा एक सांगाडा हवा होता म्हणून. माणसाचा माग काढायला कोणी आलंच नव्हतं. आणि मग हाडांसोबत घडवलेल्या दगडाचं एक टोक निघालं. भांडणाला इथून तोंड फुटलं.

त्या वेळी वॉशिंग्टनचे मानववंशशास्त्रज्ञ अलेश हर्डलिचका यांचा शब्द या विषयात प्रमाण मानला जाई. त्यांच्या मते अमेरिकेत माणूस येऊन जेमतेम काही हजार वर्षं झाली होती. बायसनची ही जात तर हिमयुग सरता सरता नामशेष झालेली. मग तिच्या हाडांत माणसाचं हत्यार कसं? वरच्या थरातला दगड घुशीच्या बिळातून खाली घसरला असेल, पाण्यानं वाहून आणला असेल. टोक तर खोदणाऱ्याच्या हातात सुटंच आलं होतं. शंका खवचट वाटली तरी रास्त होती, हे मान्य करायला हवं. पुन्हा असं टोक दिसलं तर जागचं हलवू नका, तारा करा, जाणकारांना बोलवा, असा सल्लाही हर्डलिचका यांनीच दिला.

२९ ऑगस्ट १९२७. श्वाकहाइम माती खरवडत होते. फासळ्यांच्या मध्ये टोक दिसलं. त्यांनी हात आखडता घेतला. तारा सुटल्या. पाहुणे येईपर्यंत लोहारबुवा जागेवर राखण करत राहिले.

काही दिवसांतच टी-रेक्सचा सांगाडा शोधून काढणारे बार्नम ब्राउन आले. पुरातत्त्वज्ञ फ्रँक रॉबर्ट्स आले, आल्फ्रेड किडर आले. वाकून पाहिलं. टोकाच्या भोवतीची माती घट्ट, न हललेली. बीळ नाही, भेग नाही. विषय संपला. आदल्या वर्षीचं टोकही तितकंच अस्सल होतं, पण ते हातावर ठेवून दाखवावं लागत होतं.

(दृश्य: तळहातावर टोक. कॅमेरा हळूहळू जवळ.)

आता ते टोक नीट बघू. आपण पटकन बाणाचं टोक म्हणतो, ते चूक. या भागात धनुष्यबाण यायला अजून हजारो वर्षं होती. हे भाल्याचं टोक. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. दोन्ही बाजूंना मधोमध, बुडापासून जवळजवळ अग्रापर्यंत, एक उथळ पन्हळ. ही पन्हळ घासून केलेली नाही. सगळं टोक घडवून झाल्यावर बुडाशी नेमका दाब देऊन किंवा टोला मारून एकच लांब छिलका उडवायचा. मग पालथं करून दुसऱ्या बाजूनं तेच. जरा चुकलं की टोकाचे दोन तुकडे. आजचे कसबी लोक ही पन्हळ काढायला बसतात तेव्हा त्यांच्यापुढेही मोडक्या टोकांचा ढीग पडतो.

एवढा आटापिटा कशासाठी? पन्हळीमुळे टोक काठीच्या खाचेत घट्ट बसतं, असं एक उत्तर. पण पन्हळीशिवायही भाले लागत होते, जनावरं मरत होती. मला विचाराल तर यात थोडं मिरवणंही असावं.

बुडाच्या कडांवरून बोट फिरवलं तर त्या बोथट लागतात. मुद्दाम घासलेल्या. दगडाची धार तशीच ठेवली तर ती काठीला आवळलेली स्नायूची दोरीच कापणार. एवढ्याशा खरबरीत कडेवरून न उरलेल्या काठीचा आणि न उरलेल्या दोरीचा पत्ता लागतो.

मोडतोडही बोलकी असते. टोक हाडावर आदळलं की अग्रापासून मागे एक छिलका उडतो. घडवताना असा वण सहसा पडत नाही. भाला मोडला की अग्र जनावरात राहतं आणि बांधलेलं बूड काठीबरोबर तळावर परत येतं. तिथे ते सोडवून टाकायचं, नवं बसवायचं. म्हणून नुसती बुडंच सापडली, तर तिथे शिकाऱ्यांचा तळ असावा असा अंदाज बांधता येतो.

आणि दगड कुठला? फॉल्समच्या टोकांपैकी काही अॅलिबेट्सच्या चकमकीची आहेत. चरबीची रेघ असलेल्या मटणासारखी, तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची. ती खाण टेक्सासमध्ये, फॉल्समपासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. घोडा नाही, चाक नाही. हा दगड पायी आला.

१९९७ पासून पुरातत्त्वज्ञ डेव्हिड मेल्टझर यांच्या गटानं ही जागा पुन्हा खोदली. जुनी हाडं नव्यानं मोजली. किमान ३२ बायसन, बहुतेक माद्या आणि पिल्लं. पिल्लांच्या दातांवरून ऋतू कळला: शरद. १९२७ साली नसलेली, अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याची रेडिओकार्बन पद्धत आता हाताशी होती. तिनं काळ सांगितला, आजपासून सुमारे १२,४०० वर्षांपूर्वीचा.

(दृश्य: संग्रहालयाचं दालन. काचेमागे मातीचा ठोकळा.)

वाद मिटल्यावर त्या फासळ्या मातीसकट एकाच ठोकळ्यात कापून डेन्व्हरला नेल्या. दगडाचं टोक ठोकळ्यात, दोन फासळ्यांच्या मध्येच ठेवलं.